अक्कांचं चॅनेल

शेजारच्या अक्कांना एका तापानंतर ऐकू येईनासं झालं होतं. स्वतः मात्र गल्लीभर ऐकू जाईल अशा बोलायच्या. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बहुतेक सगळं कळायचं. मतमोजणीला त्यांना सरकारी चॅनेलच लागे, कारण तिथली बाई समोर बघून सावकाश बातम्या द्यायची. "त्या नव्या चॅनेलांवर पाच-पाच माणसं एकदम तोंड हलवत्यात. बघू तरी कुणाकडं?" असं त्या म्हणत.

विधानसभेच्या निकालादिवशी केबलवर नेमकं तेच चॅनेल दिसेना. मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडं या. मी सांगते काय झालं ते."

त्यांनी माझे ओठ वाचले आणि ठणकावलं, "न्हाय. तू निम्मंच सांगतीस."

माळ्यावरचा जुना अँटेना काढून, पदर खोचून त्या गच्चीवर चढल्या. टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मी अंगणात येऊन 'नाही' अशी मान हलवायची आणि त्या पुन्हा अँटेना फिरवायच्या. ऊन चढलं तशी मी "राहू द्या आता" म्हणायला लागले, तर त्यांनी माझ्याकडं सरळ पाठ केली आणि अँटेना फिरवत राहिल्या. शेवटी चित्र आलं तेव्हा मला वर धावत जाऊन त्यांचा हात धरावा लागला.

संध्याकाळी त्या दारात आल्या. "आपला माणूस पडला की गं!"

मला वाईट वाटलेलं त्यांना दिसलं असावं.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "आज मला कुणाला इचारायला लागलं न्हाय."