गोराईचा पाणकिडा आणि हिरामावशीची होडी

"गोराईहून एक तरी पाणकिडा आण, नाहीतर विषय बदल," असं सरांनी सुनावलं आणि माझी बेटाची पहिली सफर ठरली. सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी अंधेरीच्या एका कॉलेजात एम.एस्सी. करत होते आणि गोड्या पाण्यातल्या भुंगेऱ्यांवर माझा जीव जडला होता. चहूकडे खारी खाडी, मग ही चिमुकली मंडळी बेटावरच्या विहिरीत पोहोचतात कशी? मी म्हणायचे, उडत. सर म्हणायचे, "दाखव!"

सोबतीला मैत्रीण कमल, टेलिफोन ऑपरेटर. तिला किड्यांशी घेणंदेणं नव्हतं, समुद्र बघायचा होता.

बोरिवलीहून खाडीपर्यंत टांगा, पुढे होडी, भाडं चिल्लरीत भागायचं. जाणाऱ्यांनो, भरतीची वेळ विचारून निघा. आम्ही ऐन ओहोटीला पोहोचलो आणि साड्या खोचून चिखल तुडवत होडी गाठली. कमलची एक चप्पल चिखलाने ठेवूनच घेतली.

होडीत मी तिला समजावलं, "उडत आलेला किडा बेटावरच संसार थाटतो. हजारो वर्षांनी त्याची पिलावळ मूळच्या गणगोताहून वेगळी दिसायला लागते. शेवटी जातच वेगळी होते."

"किड्यांना पण जात चिकटवलीस?" कमल उसळली. "बाबांनी बौद्ध धर्म घेतला, आम्ही आत्ता कुठे त्यातून सुटतोय यार!"

मी घाईघाईने 'प्रजाती' म्हटलं.

गोराईत आमचा मुक्काम हिरामावशीकडे. ती आईची ठरलेली मासेवाली. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण, झकास! हात धुऊन मी जाळं काढलं, तर मावशी कौतुकाने म्हणाली, "तू विहिरीतलं किडं बगाला येनार म्हनून कालच उपसून घेतली. एक किडा दाखव, नाव बदलीन!" शेजारणींनीही लाज नको म्हणून आपापल्या विहिरी उपसल्या होत्या. झालं, एकही किडा उरला नव्हता. बाटलीत विहिरीचं नितळ पाणी तेवढं भरून घेतलं.

संध्याकाळी तोंड पाडून किनाऱ्यावर गेले. मावशी जुनी होडी विकून मोठी घेणार होती. डांबर लावून, वर तेलाचा हात फिरवून होडी आरशासारखी चमकवली होती. मढचं गिऱ्हाईक व्यवहार पक्का करायला नारळ हातात घेऊन उभं. तेवढ्यात काहीतरी टप्पकन होडीवर आदळलं. काळा, गुळगुळीत, मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे. चमकणारं डांबर म्हणजे पाणी, असं समजून आभाळातून उतरला होता शहाणा!

मी त्याला बाटलीत घालून किनारा डोक्यावर घेतला, "किडा! होडीवर किडा सापडला!"

नारळ वरच्या वर थांबला. होडीला किडा म्हणजे आतून पोखरलेलं लाकूड, हे मला कुठे माहीत?

"किडा? माझे होरीला?" मावशी किंचाळली. "काय बोलतंस गो?"

"वाट लावलीस!" कमल कुजबुजली.

हा पाण्यातला, लाकूड खात नाही, मी परोपरीने सांगितलं. गिऱ्हाईक हटेना. "बाटलीतला मना नको सांगू. होरीवर सोड. लाकडान घुसला तर सौदा नाय."

सोडला तर गेला, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याबरोबर माझा विषयही. पण मावशीची मोठी होडी या सौद्यावरच अडली होती. रडवेली होऊन मी बाटली कलंडवली. किडा वाळेपर्यंत बसला, पंख उघडले आणि खाडीवरून सरळ बोरिवलीच्या दिशेने निघून गेला.

"पलाला! त्याला पन आत घुसाला जमला नाय," गिऱ्हाईक म्हणालं आणि नारळ फोडला. मी मात्र खोबरं चावत ढसाढसा रडले.

"पुरावा?" सरांनी विचारलं.

"उडाला," मी म्हटलं. सर हसले नाहीत. मला झुरळं देण्यात आली. त्यांच्यासाठी आमच्या स्वयंपाकघराबाहेर पडावं लागलं नाही, आणि पदवीही मिळाली. पण खाडीवर लहान होत गेलेला तो काळा ठिपका आठवला की अजून चुटपुट लागते. मी त्याला खाडी ओलांडताना पाहिलं होतं हो, या डोळ्यांनी!

पुढे एकदा मावशी पापलेटं घेऊन दारात आली. गावात आणखी कुणाची तरी होडी विकायची होती. तिने आईला निरोप दिला, "तुझे पोरीला पाठव. आनि तिचा तो होरी तपासनारा किडा पन."

मी आतून ओरडले, "अगं मावशी, तो असता तर मी झुरळं कशाला मोजली असती!"