जुन्या चरबीला सलाम

आमच्या तेपालयो गावात नाच म्हणजे आधी नाव आणि मग पाय. गाणं चालू असताना माइकवरचा माणूस लोकांनी दिलेल्या चिठ्ठ्या वाचतो. अमक्याला सलाम, तमक्याच्या घराला सलाम, न्यूयॉर्कात भांडी घासणाऱ्या त्याच्या थोरल्याला सलाम. हे सगळं रेकॉर्ड होतं आणि तिकडे जातं. तिकडचा लेक कान लावून ऐकतो, आणि बापाचं नाव आलं नाही तर फोन करून विचारतो, म्हातारा गेला की काय. म्हणून माइकवाल्याला आमच्याकडे पाद्र्याच्या खालोखाल मान. पाद्री नाव एकदाच ठेवतो, हा दर रविवारी घेतो.

एर्मेलिंदा त्लातेल्पाला हा माइक हवा होता.

प्रोकोपिओमालकांच्या ‘सोनेरी टर्की’ या कर्ण्या-पेट्यांच्या संचात ती एकोणिसाव्या वर्षी लागली, ती थेट तळाला. वीज देवळाच्या भिंतीतून घ्यायची, आणि त्या वायरीवर गावातली डुकरं जीव टाकायची. एर्मेने काठी घेऊन प्लगपाशी उभं राहायचं. चार वर्षं ती उभी राहिली. नाच तिला लोकांच्या पाठींच्या फटींतून जेवढा दिसला तेवढाच. कोणी विचारलं, “काय गं, हल्ली काय करतेस?” तर ती सांगे, “संगीतात आहे.”

मग पेट्या उचलण्यावर आली, आणि मग तबकड्यांवर. आमच्या धंद्यात तबकडीवरचं नाव झाकतात. चांगलं गाणं हाती लागलं की वर कागद चिकटवायचा, म्हणजे शेजारगावचा मालक मान लांब करून आला तरी त्याला काही कळू नये. एर्मेने असं झाकलं की आमच्या मालकांनाही कळेना. दोनशे तबकड्या, सगळ्या एकाच तपकिरी कागदात. एका लग्नात मालकांनी नवरानवरीच्या पहिल्या नाचाला मयताचं गाणं लावलं.

“तुला कशी कळते गं, कुठली कोणती?” मालकांनी विचारलं.

“वासावरून,” एर्मे म्हणाली.

खरं तर तिने प्रत्येकीच्या कडेला नखाने खूण केली होती. ते तिने सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून तिला कामावरून काढणं मालकांच्या हातात राहिलं नाही.

पुढची पायरी चिठ्ठ्यांची. गर्दीत फिरायचं, चिठ्ठ्या गोळा करायच्या, मालकांच्या हाती द्यायच्या. आमच्याकडे बारशाचं नाव चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही. तिथे असतं ‘तीन पिसवा’, ‘टकला भोपळा’, ‘कुंपणापलीकडची उकडलेली मंडळी’. एर्मे घरी परसात ही नावं मोठ्याने म्हणून बघायची. सकाळचं ऊन मक्याच्या कणसांवर उतरत असे, आणि ती कोंबड्यांना दाणे टाकत टाकत पिसवांना सलाम करत असे.

“मालक, एकदा मी बोलू का माइकवर?” असं तिने अकरा वर्षांत किती वेळा विचारलं, ते तिलाच ठाऊक.

“एर्मे, तुझा आवाज कोंबड्या बोलवायचा आहे.”

“कोंबड्या येतात तरी, मालक.”

मालक माइक बायकोच्या रेशमी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवत. बायको सुती वापरायची.

गावदेवाच्या जत्रेला त्या वर्षी दोन संच समोरासमोर आले. चौकाच्या या टोकाला आमचा टर्की, त्या टोकाला शेजारगावचा ‘गर्जणारा ढग’. पंचांनी ठरवलं, संध्याकाळच्या घंटेला ज्याच्यापुढे जास्त माणसं, पुढच्या वर्षीची जत्रा त्याची. आमच्या ज्वालामुखीच्या डोंगराने त्या दुपारी थोडा धूर सोडला होता, आणि राख पिठासारखी चाळून टोप्यांवर येत होती. आम्ही झटकत होतो आणि नाचत होतो.

अडचण एकच होती. मालकांनी आठवड्यापूर्वी नवे दात बसवले होते. त्यांनी “सलाम” म्हटलं की ‘स’ची शिट्टी वाजे, आणि पेट्यांतून ती शिट्टी सात वेळा घुमे. तिसऱ्या सलामाला चौकात कुत्री जमली. पाचव्याला पलीकडच्या वाडीचीही आली. माणसं कुत्र्यांना जागा करून देत ढगाकडे सरकू लागली.

मालकांनी माइकवर हात ठेवला. “एर्मे, इकडे ये. वीस मिनिटं. माणसं परत आली तर बघू. गेली तर पुन्हा प्लगपाशी, मरेपर्यंत.”

एर्मेने मान हलवली आणि चिठ्ठ्या काढायला एप्रनच्या खिशात हात घातला. त्याच खिशात तासाभरापूर्वी सिरिला मावशींनी एक कागद कोंबला होता. मावशी चौकात निवडुंगाची भाजी घातलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या भाजून विकतात. सामान संपत आलं होतं, म्हणून त्या म्हणाल्या होत्या, “हे वाण्याला दे गं, मासेदोनियोला.” एर्मेने हो म्हटलं होतं, लक्ष मात्र माइकवर होतं.

पहिल्या चिठ्ठीला तिचा आवाजच फुटला नाही. दुसरीला फुटला, तो दोऱ्याएवढा. तिसरा कागद तिने उलगडला, परसात घालते तशी साद घातली, आणि वाचलं.

“सलाम, बुटक्या कांद्याला.”

आमच्या सुताराने हात वर केला. त्याला शाळेपासून कांदाच म्हणतात.

“सलाम, तिघा निवडुंगांना, काटे काढलेल्या.”

कुआउत्ले घराण्यातल्या तिघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचं भांडण गेल्याच आठवड्यात मिटलं होतं. “आपल्यालाच म्हणतेय,” थोरली म्हणाली, आणि तिघींनी पदर सावरले.

“सलाम, काळ्या घेवड्याला, कालपासून भिजत पडलेल्या.”

सगळे लिब्रादोकडे वळले. तो आदल्या दिवशी पिऊन कालव्यात पडला होता. “कोणी सांगितलं हिला?” लिब्रादो म्हणाला, पण हात त्यानेही वर केला.

“सलाम, जुन्या चरबीला, एक किलो.”

पलीकडे ढग गर्जत होता, पण तिथे कोणाला अशी नावं मिळत नव्हती. लोक परतू लागले. मालक डोळे मिचकावून बघत होते. आणि एर्मेने, गाण्याच्या ठेक्यात, शेवटची ओळ वाचली.

“आणि मासेदोनियो, मागच्यासारखं वास मारणारं देऊ नकोस.”

चौक थबकला. मासेदोनियोच्या तोंडात घास होता, तो तिथेच राहिला.

“अगं बये, ती माझी यादी,” सिरिला मावशी म्हणाल्या. त्या माइकपासून दोन हातांवर होत्या, त्यामुळे पेट्यांतून चौकभर यादी, यादी, यादी झालं.

मालकांनी हात पुढे केला. “आण इकडे.”

एर्मेने माइक दिला नाही. ती त्याच आवाजात म्हणाली, “मंडळी, ही बाजाराची यादी होती. चूक माझी. चरबी नावाचं इथे कोणी नाही.”

मग मागून एक जाड आवाज आला. “आहे. हात वर करायला मला वेळ लागतो.”

तो निकानोर दोरवाला होता. गावातला सगळ्यात लठ्ठ माणूस, एकटा राहणारा. त्याच्यासाठी आजवर कोणी चिठ्ठी लिहिली नव्हती.

“निकानोरकाका, तुम्ही?”

“आजपासून. माझी लेक शिकागोत आहे. तिला सांग, जुनी चरबी ठीक आहे.”

“एक किलो, काका?”

“ते जरा कमी होतंय.”

मग जो तो कागद शोधू लागला. बेकरीवाल्याला मुळा व्हायचं होतं. त्याची बायको म्हणाली, “मुळा कुठला, दुधी लिहा.” मासेदोनियोने ‘वास न मारणारा’ असं लिहून आणलं आणि दोनदा वाचायला लावलं. घंटा झाली तेव्हा ढगापुढे त्याचा मालकच उरला होता, आणि तोही टोपी काढून आमच्याकडे कान देत होता.

प्रोकोपिओमालकांचा पुढे केलेला हात इतका वेळ तसाच होता. तो त्यांनी खाली घेतला आणि सिरिला मावशींकडे पेन्सिल मागितली.

त्यांची चिठ्ठी एर्मेच्या हाती आली. अक्षर भयंकर होतं.

“हे कोणाचं?” तिने माइकवरून विचारलं.

मालकांनी बोट वर केलं. तोंड उघडलं नाही, कुत्री नुकतीच गेली होती.

“थांबावं लागेल, मालक. तुमच्याआधी चौदा जण आहेत.”

मालक जाऊन रांगेत पंधरावे उभे राहिले.