सात परस

आमचा जिल्हा नवा झाला त्या वर्षी पावसानं दडी मारली. लातूरला कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि रेणापूरच्या पुढं आमच्या गावात एकेक विहीर तळ दाखवत होती. शेवटी पाणी उरलं ते आमच्या मळ्यातल्या विहिरीला. सगळं गाव तिच्यावर. घरात वहिनी बाळंतीण, पोर वीस दिवसांचं.

मी लातूरला अकरावी सायन्सला होतो, म्हणजे हवेतच होतो. सुट्टीला घरी येताना लायब्ररीतून एक जुनी विलायती कादंबरी आणली होती, मराठी केलेली, पुठ्ठा फाटलेली. एक शास्त्रज्ञ दार लावून एकटाच प्रयोग करतो, त्याला भलताच शोध लागतो आणि तो स्वतःच दिसेनासा होतो. दादाला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्याला थोडी थोडी सांगायचो. आम्ही अर्ध्यावर आलो होतो. तिथवर त्या माणसाची मजाच चालली होती आणि मला तो फार आवडायला लागला होता.

तेवढ्यात शेजारच्या गावात जुलाबाची साथ आली. जीपमधून एक आरोग्यवाला आला आणि ब्लीचिंग पावडरची पिशवी ठेवून गेला. पाण्याच्या मानानं टाका म्हणाला, मापाचा कागद दिला.

दादा म्हणाला, "सोमवारी परत येतो म्हणलाय त्यो. येऊ दे की."

"एवढं मला येतंय," मी म्हणालो.

आमच्याकडं विहीर परसानं सांगतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. खोदली तेवढी ती विहीर, मग पाणी असो नसो. आमची सात परस, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. वहीत सात परस धरले, घेर धरला, गणित केलं. साथ आहे म्हणून दुप्पट केलं. खाली पाणी होतं गुडघाभर. पोहऱ्यात रोज गाळ येत होता, तो मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. तरी सात परसच मांडले आणि त्या मापानं रात्री विहिरीत पावडर सोडली. आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

सकाळी पहिल्या घोटालाच बाया थुंकल्या. वास नाकात जात होता, घसा जळत होता. वहिनी देगलूरकडची, घाबरली की तिच्या तोंडी तेलुगू यायचं. पोर छातीशी धरून ती नुसतं "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत राहिली. पाणी, पाणी.

विहिरीभोवती गाव गोळा झालं. "आता काय करायचं, तूच सांग," कुणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडं बघत होते. मला काहीच माहीत नव्हतं, आणि ते सांगायची हिंमत नव्हती.

"उपसून टाका," मी म्हणालो.

ती विहीर ज्यांनी बांधली ते म्हातारे गवंडी चाचा पुढं आले. "बेटा, फेकू नगा. घागरीत राहू द्या थोडे दिस."

"विष आहे ते," मी म्हणालो.

दिवसभर माणसं उपसत होती आणि ढेकळांवर ओतत होती. जमीन लगेच पिऊन टाकायची. दिवस मावळायला खडक उघडा पडला. झऱ्यातून दुसऱ्या दिवशी दोन पोहरे आले, तिसऱ्या दिवशी तेही नाहीत. आठवड्यात निम्मं गाव उठलं. तान्हं पोर घेऊन वहिनी उभ्यानं एसटीत देगलूरला गेली. पोर वाचलं, पण पुढं वर्षभर तिनं आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. दादा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कॉलेज सुरू झाल्यावर केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं, कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं. ते फळा पुसत होते. म्हणाले, "उघड्या भांड्यात उन्हात ठेवायचं. दोन-तीन दिवसांत उडून जातो तो वास. पाणी पिता येतं." आमच्याकडं त्या वर्षी ऊन सोडून दुसरं होतं काय?

पुढं एकदा ओट्यावर बसल्यावर दादानं विचारलं, "त्या पुस्तकातल्या माणसाचं काय झालं रे?"

मी तोवर शेवट वाचला होता. शेवटी लोकच त्याला बडवून मारतात. "पुस्तक हरवलं," म्हणालो.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. चाचांचं बरोबर होतं, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.