फ्राऊ लेख्नर आणि जुनी कार सीट

फ्राऊ लेख्नर यांच्याबद्दल श्रीपादरावांना खरं तर फारच थोडं माहीत होतं. जर्मनीत, इंगोलश्टाटला, श्रीपादरावांच्या लेकीच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. वय सत्तरीच्या पुढे. एका कारखान्यात गाड्यांचे सीटबेल्ट शिवण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. घरात पूर्वी आणखी कोण होतं, मुलंबाळं कुठे, हे श्रीपादरावांनी लेकीकडच्या सहा महिन्यांत एकदाही विचारलं नाही. भाषेचं निमित्त सांगावं, तर कॉलेजात शिकलेलं मोडकंतोडकं जर्मन त्यांना येत होतं. अडचण स्वभावाची होती.

ओळख झाली ती २००६ च्या ऑक्टोबरात. लेकीला, क्षितिजाला, मुलगी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ-बाळंतीण घरी यायची होती. जावई प्रताप बाळाला गाडीत बसवायची नवी कार सीट घेणार होता. पण नवजात बाळाच्या अंगावर पहिलं वस्त्र दुसऱ्या धडधाकट मुलाचं वापरलेलं घालावं, ही घरची रीत. मनोरमाबाईंनी पुण्याहून नवऱ्याला फोनवर बजावलं, कपडे जुने तशी सीटही जुनीच हवी. म्हणून क्षितिजाची म्युनिकची मैत्रीण सरिता हिने आपल्या मुलाची सीट आणून दिली होती.

तळघरातल्या धुण्याच्या खोलीत श्रीपादराव सीटचं कव्हर काढत होते. फ्राऊ लेख्नर शेजारी कपडे वाळत घालत होत्या. त्या जवळ आल्या, न विचारता सीट उलटी केली आणि प्लास्टिकवरून नख फिरवलं. तिथे केसाएवढी पांढरट रेघ होती. हिला अपघात झालाय का, त्यांनी विचारलं. श्रीपादरावांना ठाऊक नव्हतं. मग विचारा, त्या म्हणाल्या. एकदा जोराचा धक्का खाल्लेली सीट पुन्हा भरवशाची नाही, वरून कितीही धड दिसो.

श्रीपादराव फोनपाशी अर्धा तास घुटमळले. मायेने दिलेल्या वस्तूत खोट काढायची कशी? शेवटी त्यांनी दवाखान्यात लेकीला फोन केला.

"बाबा, सरिता रागावेल म्हणून माझ्या पोरीला तडकलेल्या सीटमध्ये बसवणार का?" क्षितिजा म्हणाली.

मग त्यांनी सरिताला फोन लावला. सीटला कधी अपघात झालाय का, त्यांनी विचारलं. सिग्नलला उभं असताना मागून एक गाडी आदळली होती, ती म्हणाली. सीट रिकामी होती, म्हणून तिच्या मनातच आलं नाही. रागावणं दूरच, तिलाच रडू यायला लागलं.

नवी सीट घ्यायला दुकानात फ्राऊ लेख्नर बरोबर आल्या. सुरक्षा-चाचणीचं नारिंगी लेबल पाहिलं, वजनाचा आकडा वाचला, पट्ट्यांची शिवण बोटांनी चाचपली. घरी आल्यावर त्यांनी बाळाएवढ्या वजनाची तांदळाची पिशवी मागितली. प्रतापने अंगणात गाडीच्या मागच्या बाकावर सीट बसवली, तिचं तोंड मागे. श्रीपादरावांनी तांदळावर मनोरमाबाईंची गोधडी लपेटली आणि पट्टे आवळले. फ्राऊ लेख्नरनी गोधडी ओढून काढली. पट्ट्यांखाली मूठ जाईल एवढी जागा झाली.

"बाबा, तांदूळ उडाले असते," प्रताप म्हणाला.

आधी पट्टे, फ्राऊ लेख्नरनी बजावलं, अंगाशी, खाली एक बोट जाईल एवढेच. गोधडी पट्ट्यांवरून. श्रीपादरावांनी हे चारदा करून दाखवलं, तेव्हा कुठे त्या वर गेल्या.

पण जुन्या सीटची रीत राहून गेली, हे श्रीपादरावांनी त्यांना भीतभीत बोलून दाखवलं होतं. सकाळी निघताना फ्राऊ लेख्नरनी एक छोटी, विटकी लोकरीची टोपी हातात ठेवली. "हिला अपघात झालेला नाही," त्या म्हणाल्या. ती कोणाची, हे विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत स्वानंदी त्या टोपीत झोपली होती. अंगणात गाडी थांबली. श्रीपादरावांनी पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. एकच मावलं.

मार्चमध्ये ते परत निघाले. विमानतळावर सोडायला सगळेच येणार होते. स्वानंदीला सीटमध्ये बसवून त्यांनी गोधडी घातली, तेवढ्यात खिडकी उघडली.

"वरून ना?" फ्राऊ लेख्नरनी विचारलं.

"हो, वरून."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि सीटचं कव्हर तीस डिग्रीवर धुवायला सांगा."

"सांगतो," श्रीपादराव म्हणाले.