पाण्याचे घर कोरे हवे

डॉ. सुनंदा बिराजदार मॅडमची आणि माझी पहिली भेट एका शेळीच्या साक्षीने झाली. मी माढ्याहून सोलापूरला, महाविद्यालयात व्याख्यात्याच्या मुलाखतीसाठी आलो होतो. कडक इस्त्रीचा शर्ट आणि काखेत प्रमाणपत्रांची फाइल. विज्ञान विभागाच्या मागे पत्र्याच्या शेडपाशी पदर खोचलेल्या एक बाई एका पांढऱ्या शेळीची समजूत काढत होत्या. मी विचारले, "मावशी, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुख कुठे भेटतील?" त्यांनी शांतपणे दोरी माझ्या हातात दिली. "हिला धरा जरा, बघून सांगते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बराच वेळ कोणी आले नाही. मग शिपायाने माझ्या नावाचा पुकारा केला. शेळी कोणाच्या हवाली करावी हे कळेना, म्हणून मी तिला घेऊनच आत गेलो. विभागप्रमुखांच्या खुर्चीत त्याच बाई बसल्या होत्या. "दोरी सोडली नाहीत, हे बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आता प्रतिपिंड म्हणजे काय ते सांगा." मी सांगू लागलो आणि शेळीने माझ्या फाइलचा कोपरा चाखायला घेतला. नोकरी मला मिळाली. ती उत्तरांमुळे मिळाली की दोरीमुळे, हे विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

त्या शेळीचे नाव चंद्री. मॅडमच्या साठाव्या वाढदिवसाच्या या गौरवग्रंथात तिचे छायाचित्र मुखपृष्ठावर घ्यावे, असा मॅडमचा आग्रह होता. संपादक मंडळाने तो नम्रपणे नाकारला. माझ्या लेखासाठी मात्र मॅडमनी एक अट घातली आणि ती मोडण्याची कोणाची छाती नव्हती. त्या फोनवर म्हणाल्या, "लिहा की खुशाल. पण पाण्याचं घर ठेवा. सगळी घरं निळी आली तर लेख नापास." ही अट काय आहे, हे कळायला आधी मॅडमचे काम समजून घ्यावे लागेल.

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात. असा एक निरोप्या म्हणजे इंटरल्यूकिन-सहा. जंतू शिरले की हा गावभर दवंडी पिटतो आणि ताप चढतो, सूज येते, संरक्षणाची फौज जागी होते. तोवर ठीक. पण काही आजारांत हा थांबतच नाही. दवंडी चालूच राहते आणि फौज आपल्याच घरांची कौले फोडू लागते. म्हणून हा निरोप्या रक्तात किती आहे हे मोजता यावे, आणि प्रयोगात त्याला अडवूनही पाहता यावे, यासाठी त्याला नेमके पकडणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, लागते. ते परदेशातून बर्फात घालून मागवण्याची पद्धत होती. उन्हाळ्यात सोलापूरला पोचेपर्यंत बर्फाचे पाणी झालेले असे आणि प्रतिपिंडांचा कोमट रस्सा. असे दोनदा झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "जे इथल्या उन्हात टिकतं, त्याच्याकडूनच करून घेऊ." आणि त्यांनी शेळ्या आणल्या.

शेळ्या मंगळवेढ्याकडच्या सिद्राममामांच्या. मामांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या राखणारे. महाविद्यालयाने त्यांनाच शेडवर नेमले. मानवी इंटरल्यूकिनची अगदी थोडी मात्रा शेळीला टोचायची. शेळीच्या शरीराला तो परका वाटतो आणि ते त्याला पकडणारी प्रतिपिंडे बनवते. मग पशुवैद्यांच्या देखरेखीखाली थोडे रक्त घेऊन त्यातून ती वेगळी करायची. चंद्रीची प्रतिपिंडे सगळ्यांत सरस निघाली. ती इंटरल्यूकिनला नुसती ओळखत नव्हती, तर असे धरून बसत होती की त्याला पुढे निरोपच देता येत नव्हता. मॅडम वर्गात सांगत, "निरोप्याला बघणं वेगळं आणि वाटेत अडवून चहाला बसवणं वेगळं. आपली चंद्री दोन्ही करते."

या कामाची बातमी मॅडमच्या माहेरी, मैंदर्गीला पोचली तेव्हा गोंधळ उडाला. सांध्यांच्या सुजेवर सोलापूरच्या शेळीचे औषध निघाले, असे गावाने परस्पर ठरवले. मी एकदा मॅडमबरोबर तिथे गेलो होतो. त्यांच्या आईंना सगळे अव्वा म्हणतात. अव्वा गुडघे चोळत ओसरीवर बसल्या होत्या.

"सुनंदे, त्ये शेळीचं पानी मला कवा टोचनार हाईस?"

"अव्वा, ते माणसाला द्यायचं नसतं. ते प्रयोगशाळेतल्या प्लेटला द्यायचं."

"प्लेटचं गुडगं दुकत्यात व्हय?"

मॅडम आईच्या पायाशी बसल्या आणि औषध वेगळे कसे असते, ते तयार व्हायला किती तपासण्या लागतात, आपले काम त्याच्या आधीचे, मोजण्याचे आणि समजण्याचे कसे आहे, हे त्यांनी अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये सांगितले. अव्वांनी सगळे ऐकून घेतले. "म्हंजी अजून येळ हाय," त्या म्हणाल्या आणि आम्हाला जेवायला वाढायला उठल्या. शेजारची मंडळी मात्र रिकाम्या बाटल्या घेऊन अंगणात आली होती. मॅडमनी एकेकाला हेच समजावले, एकालाही खोटी आशा लावली नाही आणि त्यांतल्या दोघींना दुसऱ्याच दिवशी सोलापूरला आणून सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवले. रांगेत स्वतः उभ्या राहिल्या.

चहाला बसवण्याची विद्या त्या माणसांवरही वापरतात. माझी दुचाकी एकदा शेडच्या वाटेत उभी राहिली म्हणून प्राचार्य संतापले आणि त्यांनी शिपायाला धाडले: "त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन ये!" शिपाई माझ्यापर्यंत पोचण्याआधी मॅडमच्या दारावरून जात होता. मॅडमनी त्याला बसवले, चहा दिला, मुलीच्या शाळेची चौकशी केली, मग दुसरा कप दिला. तो माझ्याकडे पोचला तेव्हा प्राचार्यांचा पारा उतरला होता आणि आपण कशाला बोलावले, हेही त्यांना आठवत नव्हते. मी त्यांच्या खोलीत गेल्यावर आम्ही दोघांनी हवापाण्यावर बोलून घेतले. विभागातली किती भांडणे अशी बशीत निवली, याची गणती नाही.

आता मुख्य प्रसंग. शेडच्या जागेवर प्राचार्यांचा फार दिवस डोळा होता. त्यांना तिथे दुचाकींसाठी छप्पर हवे होते. अनुदान समिती येणार, काम पाहणार आणि ठीक वाटले तरच शेड राहणार, असे ठरले. नाहीतर शेळ्या विकायच्या. सिद्राममामा मला म्हणाले, "सर, चंद्री आता म्हातारपनाला लागली. बाजारात ग्येली तर कोन पाळाय न्हाय न्हेनार. कुटं जाईल ते इचारू नगा." मामा हे तोंड फिरवून बोलले. मॅडम ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

समिती आली ती ठरल्याच्या आदल्या दिवशी. चाचणीच्या प्लेटला छोटी छोटी घरे असतात. काहींत इंटरल्यूकिन कमी-जास्त घालतात, काहींत मुद्दाम नुसते पाणी. मग उरलेली मोकळी जागा एखाद्या साध्या प्रथिनाने सारवून घ्यायची, म्हणजे पुढचे काही भलतीकडे चिकटत नाही. त्यावर चंद्रीचे प्रतिपिंड आणि त्यावर शेवटी रंग देणारे एक रसायन, आमचा रंगवाला. या रंगवाल्याला एवढेच कळते, की जिथे शेळीचे प्रतिपिंड दिसेल तिथे निळा रंग उमटवायचा. इंटरल्यूकिनची घरे निळी आणि पाण्याची कोरी, म्हणजे चाचणी पास.

सारवायला आम्ही विकतची भुकटी वापरत असू. ऐन त्या दिवशी डबा रिकामा. पुष्कळ प्रयोगशाळांत दुधाने सारवतात, हे मॅडमना ठाऊक होते. सिद्राममामांनी घरच्या दुभत्या शेळीचे दूध चहासाठी आणलेले होतेच. "दूध ते दूध," मॅडम म्हणाल्या, वरची साय काढली आणि प्लेट सारवली. घाईत आम्ही सगळे माना डोलावत होतो.

समितीसमोर रंग घातला आणि प्लेट निळी झाली. सगळीच्या सगळी. इतका गडद, देखणा निळा मी आधी कधी पाहिला नव्हता. समितीचे अध्यक्ष वयोवृद्ध गृहस्थ होते, त्यांचा विषय दुसरा. ते खूश होऊन म्हणाले, "वा! एकही घर वाया गेलं नाही!" प्राचार्यांनी टाळ्या सुरू केल्या. मीही केल्या. दारात मामांनी डोळे पुसले.

"टाळ्या थांबवा," मॅडम म्हणाल्या. "ही प्लेट खोटं बोलतेय."

प्राचार्य कानाशी लागले, "मॅडम, साहेबांना निळा आवडलाय. राहू द्या की."

"पाण्याची घरंसुद्धा निळी झालीत, सर. पाण्यात काही नाही. काही नाही तिथं ज्याला काहीतरी दिसतं, त्याचं बाकीचं तरी खरं कसं मानायचं?"

मग त्यांची नजर दुधाच्या किटलीवर गेली. क्षणभर त्या बघत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या, खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, शेळीच्या दुधात शेळीचीच प्रतिपिंडं असणार की! मैंदर्गीत आमच्या गल्लीत उभं राहून 'बिराजदार कोण?' विचारलं, तर सगळेच हात वर करणार! चूक माझी. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते."

खोलीत कोणी हसले नाही. मामांचा चेहरा पडला होता. शेड गेले, चंद्री गेली, हे आम्हाला स्पष्ट दिसत होते. तोंडाशी आलेला घास मॅडमनी स्वतःच्या हाताने बाजूला सारला होता. खरे सांगतो, मला त्यांचा राग आला होता.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मला यातलं फारसं कळत नाही," ते म्हणाले. "पण माझ्यापुढं पास झालेली प्लेट स्वतः नापास करणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही. दुसरी लावता?"

दुसरी प्लेट तयार होती. मॅडम नेहमी एक जास्तीची ठेवतात. प्रश्न सारवणाचा होता. "अंडी," मॅडम म्हणाल्या. "कोंबडी शेळीची कोणी लागत नाही." मी वसतिगृहाच्या खानावळीत धावलो. त्या दिवशी मुलांनी नुसत्या पिवळ्या बलकाची आम्लेटे खाल्ली आणि महाविद्यालयाला दुवा दिला. इकडे पांढरा बलक प्लेटवर चढला. तो बसेपर्यंत समितीला ज्वारीची कडक भाकरी आणि झणझणीत शेंगाची चटणी वाढली. अध्यक्षांनी चटणी आमटीसारखी कालवून घेतली, त्यामुळे पुढचा बराच वेळ ते कुठे जाण्याच्या स्थितीत नव्हते.

दुपारी रंग घातला. जास्त इंटरल्यूकिनची घरे गडद, कमीची फिकी आणि पाण्याची? कोरी. स्वच्छ, काचेसारखी कोरी. मॅडम त्या कोऱ्या घरांकडे अशा पाहत होत्या, जशी आई पास झालेल्या लेकराकडे पाहते. मग त्यांनी आठवडाभर वाढवलेल्या पेशी दाखवल्या. या पेशी इंटरल्यूकिनचा निरोप मिळाला तरच वाढतात. नुसत्या निरोपावर त्या दाट झाल्या होत्या. निरोपाबरोबर चंद्रीचे प्रतिपिंड घातले तिथे विरळ. आणि न टोचलेल्या शेळीचे प्रतिपिंड घातले तिथे पुन्हा दाट. म्हणजे अडवणारी चंद्रीच, दुसरी कोणी नाही. अध्यक्ष सूक्ष्मदर्शकातून डोळा काढून म्हणाले, "त्या बाईंना भेटता येईल?" आणि शेडकडे निघाले.

शेड राहिले. प्राचार्यांची दुचाकी अजून उन्हातच असते. चंद्री आता सोलापूरजवळ कुंभारीला मॅडमच्या घरी असते आणि अंगणातले एकही झाड वाढू देत नाही. शेडमध्ये तिच्या जागी दुसऱ्या दोघी आल्या आहेत. त्या निळ्या प्लेटची गोष्ट मॅडम दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला सांगतात, स्वतःचे नाव घेऊन.

आता लेखाच्या अटीचे. पाण्याचे घर म्हणजे लेखात कौतुकाचा निळा रंग चढत नाही, अशी एक तरी जागा. मॅडमचे दोष शोधायला मी महिनाभर फिरलो. विद्यार्थ्यांना विचारले, तर ते मॅडमनी भरलेल्या फिया आणि मिळवून दिलेल्या नोकऱ्या सांगू लागले. सहकाऱ्यांना विचारले, तर तेच. घर निळे, पुढचे घर निळे, त्याच्या पुढचेही निळे. लेख नापास होण्याची लक्षणे दिसू लागली. शेवटी सिद्राममामांना गाठले.

"मामा, मॅडमचं काहीतरी वाईट सांगा. खरं सांगा."

मामांनी इकडेतिकडे पाहिले. "वाईट व्हय?" ते हळूच म्हणाले. "च्या."

मी मामांना मिठी मारायचा बाकी राहिलो. मॅडमचा शेळीच्या दुधाचा, आल्याऐवजी ओवा घातलेला तो चहा! ज्या चहाने विभागातली भांडणे मिटली, त्याचे रहस्यही आज उघड करतो: तो प्यायल्यावर माणसात भांडायचे त्राणच राहत नसे. मॅडम, तुमचा चहा भयंकर आहे. हे मी साक्षीपुराव्यानिशी, पूर्ण जबाबदारीने लिहितो. हे आमचे पाण्याचे घर. ते कोरे आले आहे, तेव्हा वर लिहिलेले सगळे निळे खरे मानावे, ही वाचकांना विनंती.

पुढच्या महिन्यात मॅडम निवृत्त होतील. परवा त्या शेडपाशी उभ्या होत्या. स्वतःबद्दल काही न बोलता एवढेच म्हणाल्या, "जागा चांगली आहे हो, दुचाकींच्या छपराला." त्याचे उत्तर मी राखून ठेवले होते. ते इथे, सगळ्यांसमक्ष देतो. मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात दोरी दिलीत. ती मी सोडलेली नाही, सोडणार नाही. तुम्ही निर्धास्त राहा, धडधाकट राहा आणि शंभरी गाठा. आणि तोवर दर आठवड्याला कुंभारीहून शेडवर या, तुमच्या हातचा चहा करा. आम्ही तोंड वाकडे करू आणि कप रिकामा करू.