फोटोतलं कोपर

काशीगावला हायवेलगत एक बार आहे. पूर्वी त्या शेडमध्ये आम्ही रॅलीच्या गाड्या तयार करायचो. टायर टांगायच्या खुंट्यांवर आता बाइकवाल्यांची हेल्मेट लटकतात. भिंतीवर ट्रॉफी घेतलेला माझा तरुणपणचा फोटो आहे. त्याच्या कडेला कोणाचं तरी कोपर आणि नकाशा धरलेला हात, एवढंच दिसतं.

दर रविवारी एक मुलगी बुलेटवरून तिथे येते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. हेल्मेट टांगते, लिंबू सोडा मागवते आणि पहिल्या घोटाआधी ग्लास त्या कोपराला टेकवते.

"काका, हे कोपर कोणाचं?" तिने एकदा विचारलं.

"असेल कोणी बघ्या." वर्षानुवर्षं मी हेच सांगत आलो होतो.

"बघायला आलेला माणूस नकाशा घेऊन कशाला उभा राहील?"

मला हसू आलं, आणि लाजही वाटली. मी मालकाला फ्रेम उघडायला लावली. मीच आत दुमडून ठेवलेला अर्धा फोटो उलगडला. त्यात माझी बायको होती. सबंध रॅलीभर शेजारी बसून तिने मला रस्ता सांगितला होता. बायकोच्या सांगण्यावर जिंकला, असं मित्र चिडवायचे, म्हणून मी तिला दुमडलं.

पुढच्या रविवारी हिला घेऊन गेलो. फोटो निरखून ही म्हणाली, "अहो, शेवटच्या वळणावर माझं ऐकलं नव्हतंत, तेही सांगून टाका."

सगळे बाइकवाले हसले. ती मुलगी मात्र सोडा घेऊन उठली आणि फोटोकडे न जाता तिने ग्लास हळूच हिच्या कोपराला टेकवला.