दावं धरून शिकवलेलं इंग्रजी

इंग्रजी व्याकरणावर एवढं प्रेम आणि उरलेल्या जगावर एवढा राग एकाच माणसाने केल्याचं उदाहरण अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं सापडणार नाही. सेनगाव तालुक्यातल्या ज्या शाळेत मी हेडमास्तर होतो, तिथे ते इंग्रजीचे सर होते. शेजारच्या गोरेगावहून जीपच्या मागच्या फळीवर उभे राहून यायचे आणि उतरतानाच ड्रायव्हरला झापायचे. मग फळ्याला, खडूला आणि शेवटी पाठ्यपुस्तकाला. पोरांनी व्याख्या घोकायला सुरुवात केली की हातातला खडू खिडकीबाहेर जायचा. "अरे, व्याख्या पाठ करून कुणाला पोहता आलंय काय? विहिरीत उतरा!"

क्रियापदाला 'आयएनजी' लागून त्याचं नाम कसं होतं, हे मला स्वतःला त्यांच्याकडूनच कळलं. "आयएनजी लागलं म्हंजी फौजी सुट्टीवर गावात आलाय, लुंगी घालून पारावर बसलाय. फौजीच हाय, पण आता ड्युटी सांगायची न्हाई त्याला. वाक्यात ड्युटीला दुसरं कुणीतरी लागतंय!" एका पोरीने विचारलं, "सर, सुट्टी संपल्यावर?" त्या दिवशी ते चक्क हसले होते. मग हसल्याचाही राग आला त्यांना.

वाक्य मात्र ते मैदानात शिकवायचे. पोरं म्हणजे शब्द. दोन रांगा म्हणजे दोन वाक्यं. पोरांनी घरून आणलेली गुरांची दावी सैलसर कमरेभोवती, आणि मधे दोन्ही टोकं धरून उभा असलेला 'अँड' किंवा 'बिकॉज'. 'अँड'ने दावं सोडलं तरी दोन्ही रांगा उभ्या राहायच्या. 'बिकॉज'ने सोडलं की त्याच्या बाजूची, म्हणजे त्याच्यानंतरच्या वाक्याची रांग धुळीत लोळण घ्यायची, कारण तिला एकटीने उभं राहता येत नाही. लोळायला मिळावं म्हणून सगळ्यांना 'बिकॉज'चीच बाजू हवी असायची. आमच्या पोरांना संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य कधी चुकलं नाही. त्यांच्या अंगाला ते ठाऊक होतं.

एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ रस्त्याने चालले होते. त्यांना एवढंच दिसलं, की लेकरांच्या कमरेला दावी आहेत, लेकरं धुळीत पडलीत आणि मास्तर ओरडतोय. घटकाभरात माणसं माझ्या खोलीत शिरली. "लेकरं काय जनावरं हायेत? काहून बांधून राहिला हा मास्तर?" खिडकीतून पोरं जीव तोडून ओरडत होती, "बांधलं न्हाई! आमी वाक्य हाव!"

"बगा हेडसर," गृहस्थ म्हणाले, "भेदरून काय बी बोलू लागली लेकरं."

मी सगळं वऱ्हांड्यातून पाहिलं होतं. पाहून हसलोही होतो. पण गृहस्थांचं शाळा चालवणाऱ्या संस्थेत वजन होतं, आणि मी म्हणालो, "चौकशी करतो." महिना संपायच्या आत सरांची बदली कळमनुरीच्या शाखेत झाली आणि मागे नाव उरलं, 'पोरं बांधणारा मास्तर'.

आता इतक्या वर्षांनी त्याच पोरांच्या पिढीने माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरवलाय. पत्रिकेत माझं नाव सगळ्यात वर. ज्या मास्तराने पोरांच्या पाठीवर छड्या मोडल्या, त्यालाही शाल-नारळ. सरांचं नाव नाही. विचारलं, तर संयोजक म्हणाला, "राहू द्या सर, गावात अजून बोलतात."

बोलतात! बोलणाऱ्यांनी आता हेही ऐकावं. त्या माणसाने लेकरावर कधी बोट उचललं नाही. खोटं त्या गृहस्थांनी पसरवलं आणि मी ते मुकाट्याने खरं होऊ दिलं. मेळाव्यात हेच बोलणार आहे. शाल त्यानंतर मला द्यायची की नाही, ते गावाने ठरवावं.

हे सांगायला गेल्या आठवड्यात कळमनुरीला सरांच्या घरी गेलो. दारातूनच आवाज ऐकू आला. वर्तमानपत्र चुरगळून टाकल्याबद्दल नातवाची खरडपट्टी चालली होती. मग पंख्याची. मग चहा उशिरा आला म्हणून सुनेची. मी सगळं बोलून टाकलं आणि मान खाली घालून बसलो. मला वाटलं, आता माझी पाळी. खरं सांगतो, मी त्याचीच वाट पाहत होतो.

सर हळू आवाजात म्हणाले, "चहा निवून राहिला तुमचा. घ्या." मग कप माझ्याकडे सरकवत, "पोरं बरी हायेत ना सगळी?"

"बरी आहेत," मी म्हणालो.

निघताना ते स्टँडपर्यंत सोबत आले. गाडी लागली तेव्हा माझी पिशवी त्यांनी खिडकीतून आत दिली, आणि वाटेत उभ्या असलेल्या सगळ्यांवर ओरडून मला जागा करून दिली.